टोल्याच्या लाइनची धुलाई

रविवार, २ फेब्रुवारी १९६९

पंपाचं नवीन रजिस्टर आलं. जुन्याची चाळीस पानं कोरी होती आणि ते कोणी परत मागितलं नाही, म्हणून त्यात लिहितो. मला रकान्यांत लिहायची सवय आहे. पंप सुरू, पंप बंद, टाकीची पातळी. यापेक्षा जास्त मी कधी लिहिलं नाही, बोललोही नाही. संध्याकाळी घरी आलो की अंजना विचारायची, "आज किती घंटे चालला?" मी म्हणायचो, "साडेचार." एवढं झालं की दिवस संपला असं वाटायचं. नऊ नोव्हेंबरला ती गेली. मुदतीचा ताप, वीस दिवस. आता पंपाच्या घंट्यांचा आकडा कोणाला सांगावा ते कळत नाही.

आज चार तास दहा मिनिटं.

बालाघाटहून पाणीपुरवठ्याचे साहेब आले होते. डिसेंबरात त्यांनी मला तिथे पाच दिवसांच्या ट्रेनिंगला बोलावलं होतं. नळाच्या लाइनी आतून कशा धुवायच्या याचं. मी जाऊन बसलो, कागद घेऊन आलो. डोकं ठिकाणावर नव्हतं. आज म्हणाले, "डोमाजी, ते कागद काढा. दोन नवीन ऑपरेटर पाठवतो. पुढच्या वर्षी त्यांच्या गावी नळ येतील. आपल्या खैरझरीची लाइन धुण्याचा प्लान त्यांच्याकडून काढून घ्या आणि होळीच्या आत धुऊन दाखवा."

मी म्हणालो, साहेब, मला बोलता येत नाही.

"पाण्याला कुठे बोलता येतं?" म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दोघे आले. दुलीचंद बिरशाकडचा, चाळिशीचा, आधी ट्रक चालवायचा. तोंड बंद राहत नाही. प्रेमलाल परसवाड्याकडचा, अठ्ठावीसचा, हिंदीतच बोलतो आणि सगळं वहीत उतरवतो. राहायला पंपघर, जेवायला माझं घर.

मला भाकरी जमत नाही. दुलीचंदने पहिला घास घेतला आणि विचारलं, "मास्तर, हे भाकर हाय का वॉशर?" प्रेमलालला ठसका लागला. उद्यापासून स्वयंपाक दुलीचंदकडे.

जेवण झाल्यावर प्रेमलाल घडवंचीपाशी गेला आणि पाणी भरलेल्या पितळेच्या गुंडावरचं ताट उचललं. मी ओरडलो. इतका मोठा आवाज मला आहे हे माहीत नव्हतं. "त्यातलं नको! माठातलं घ्या."

मग सांगावं लागलं. तो गुंड अंजनाने भरलेला आहे. वीस ऑक्टोबरला सकाळी तिने तो भरून ठेवला, दुपारी ताप आला म्हणून आडवी झाली, ती उठली नाही. मी माठ भरत राहिलो, गुंड तसाच राहिला. पुष्पलता, आमची मुलगी, गोंदियाला दिली आहे. आईच्या पुण्यानुमोदनाला आली तेव्हा ती गुंड ओतून घासायला निघाली होती. मी तिच्या हातातून घेतला.

दुलीचंदने ताटाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर, ताट हलकं हाय. मांजर पाडन." त्यानेच कोपऱ्यातला वरवंटा उचलून ताटावर ठेवला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दोन दिवस लाइनीवरच्या चाव्या, म्हणजे व्हॉल्व्ह, शोधण्यात गेले. नकाशा नसेल तर प्लान नाही, असं कागदात पहिलंच वाक्य आहे. अकरा चाव्या आहेत हे मला तोंडपाठ होतं, पण सात नंबरची दिसेना. शेवटी बाजारातल्या मैनाबाईच्या गोवऱ्यांच्या ढिगाखाली सापडली.

"ढीग बाजूला करा लागते, मावशी," दुलीचंद म्हणाला.

"काहून? माहा ढीग पहिलेपासून येथंच हाय. तुमची चावीच खालून येऊन घुसली असन!"

गोवऱ्या आम्हीच हलवल्या. ती उभी राहून मोजत होती.

टेकडीवर टाकी, तिथून मोठी लाइन बाजारातून खाली येते आणि आमच्या बौद्ध टोल्यात, म्हणजे वस्तीत, संपते. टोल्याला नळ सगळ्यांच्या शेवटी आला, तीन वर्षं झाली. प्रेमलालने टोल्याच्या नळाचं पाणी बाटलीत धरलं. चहासारखं होतं. तो बाटलीकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, लोखंडाचा गंज आहे, लाइनच्या टोकाला असं येतंच.

अंजनाने एकदाच विचारलं होतं, "पानी लाल काहून येते जी?" मी म्हणालो होतो, रंगाने कोणी मरत नाही. पुन्हा तिने विचारलं नाही. पटलं असावं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन दिवस कागद वाचून दाखवतो आहे. आधी टाकीजवळची लाइन धुवा, मग खालची, शेवटी टोक. बाजूच्या चाव्या बंद करून सगळं पाणी एका वाटेने सोडा. शेवटची चावी पूर्ण उघडा, अर्धी नाही. प्रेमलाल लिहितो. दुलीचंद जांभया देतो. आज म्हणाला, "मास्तर, लोकाईले पानी पुरत नाही आन आपन फेकाचं ट्रेनिंग घेऊन राह्यलो. पानी फेकून पानी कसं साफ होते, हे मले समजून सांगा."

कागदात याचं उत्तर नव्हतं. मग अंजना जे करायची ते सांगितलं. रोज सकाळी ती आदल्या दिवशीचं शिळं पाणी ओतून द्यायची. मी म्हणायचो, स्वच्छ तर आहे, कशाला फेकतेस? ती म्हणायची, "वरून साफ दिसते जी, बुडाले हात लावून पाहा." बुडाला बुळबुळीत असायचं. राख आणि चिंच लावून घासायची, मग थोडं पाणी घेऊन जोरात खळखळून एका झटक्यात फेकायची. हळू ओतलं तर गाळ तिथेच बसतो.

"नळ म्हणजे लांब गुंड आहे," मी म्हणालो. "आत हात जात नाही. म्हणून पाण्याच्या जोरानेच घासायचा."

दुलीचंद उठून बसला. "हे पहिल्याच दिवशी सांगतले असते त!" प्रेमलालनेही लिहून घेतलं. काय लिहिलं ते पाहिलं. 'नल = लंबा गुंड (मास्तरनीजी).'

घरी आल्यावर गुंड बाहेरून वाजवून पाहिला. आवाजावरून कळतं. पाणी आणखी उतरलं आहे. झाकलेलं असून कसं उतरतं?

शनिवार, १५ फेब्रुवारी

दुपारी बाजाराची मोठी लाइन धुतली. बावीस मिनिटं. काळा गाळ निघाला, मग तांबडा, मग स्वच्छ. सगळं कागदाप्रमाणे झालं. मैनाबाई म्हणाली, एवढं पाणी माझ्या म्हशीला वर्षभर पुरलं असतं. पंप पाच तास.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज टोल्याची लाइन. मी चूक केली.

शेवटची चावी टोल्याच्या खालच्या अंगाला आहे. ती उघडली आणि पाण्याचा लोट बाहेर आला. बाया घरातून पळत आल्या, गुंड, बादल्या, पातेली, मिळेल ते घेऊन. धुण्याला तरी होईल म्हणत होत्या. लोटाखाली भांडं धरता येईना, पाणी अंगावर उडत होतं. एक म्हातारी म्हणाली, "डोमाजी, जरा बारीक कर ना बापा, वाया चाललं सारं."

मी चावी अर्ध्यावर आणली.

प्रेमलालने वहीचं मागचं पान उलटून पाहिलं. आठव्या मिनिटाला पाणी स्वच्छ दिसलं आणि मी बंद केलं. वाहून जाणारं पाणी बघवत नव्हतं. आमच्या टोल्यात पाण्यासाठी काय काय झालं आहे ते मी लहानपणी पाहिलं आहे.

आमच्या शेजारची तुळसाबाई तेवढी भांडं न घेता आली होती. हाताची घडी घालून बघत होती.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सहा वाजता टोल्यात गेलो. चारही नळांना कालच्यापेक्षा वाईट पाणी, विटांच्या चिखलासारखं. कोणी भांडत नव्हतं. भांडले असते तर बरं झालं असतं.

"मास्तरजी, आपने ही लिखवाया था," प्रेमलाल हळू म्हणाला. "आधी खुली चाबी से मैल उठता है, निकलता नहीं."

"हौ," मी म्हणालो.

तेवढ्यात तुळसाबाई नाल्याच्या बाजूने वर आली. डोक्यावर भरलेला गुंड. नाल्याच्या वाळूत झिरी खणलेली आहे, नळ येण्याआधी सगळा टोला तिथलं पाणी प्यायचा. तिथेच वर गुरं उतरतात.

"तुळसाबाई, झिरीवरून?"

"हौ मंग."

"नळ असताना?"

तिने गुंड खाली ठेवला. प्रेमलाल थोडा लांब सरकला.

"डोमाजी भाऊ, इचारलंच त आईका. टोल्यातलं कोनीच नळाचं पेत नाही. भांडे, धुने, बस. पेयाले झिरीचं. दोन साल झाले."

"अंजना तर नळाचंच भरत होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी सकाळी पाच वाजता पंपावर जात होते. तुमी गेले का आमी दोघी झिरीवर. तुमी येयाच्या आंधी तिचा गुंड घडवंचीवर राहे. मले म्हने, त्याईले सांगू नको वं. साऱ्या गावाले पानी पाजते तो मानूस. त्याच्याच घरी त्याचं पानी चालत नाही म्हटलं त त्याच्या मनाले लागन."

मी विचारलं, आता टोल्यात कोणाला ताप आहे का.

"माही सून कमला. आठ दिवस झाले."

पाणी उकळून द्या आणि दवाखान्यात न्या, एवढं सांगून आलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? मी म्हणालो होतो, नळाचं, साहेब, मीच ऑपरेटर आहे. अंजना खाटेवर ऐकत होती. तिने डोळे मिटले. मला वाटलं, थकली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पंप चार तास. बाकी काही नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चार दिवस मी काही शिकवलं नाही. पंप चालवतो, येतो, बसतो. गुंड वाजवून पाहिला नाही. दुलीचंद जेवायला वाढतो आणि माझं ताट उचलतो, ते भरलेलं असलं तरी विचारत नाही.

आज दोघांनी एक कागद पुढे केला. "मास्तर, प्लान आमी लिवला. तुमी फक्त गलत्या काढा. गलत्या काढाले बोला लागत नाही."

प्लान चांगला आहे. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय सुरू करायचं नाही. बाजाराच्या चाव्या कोणी आणि कोणत्या क्रमाने बंद करायच्या ते लिहिलं आहे. पाणी कोणत्या चरीने जाईल तेही, तुळसाबाईच्या वांग्यांच्या बाजूने, म्हणजे वाफा मोडणार नाही. माझ्या ध्यानात नव्हतं तेही आहे: आदल्या दिवशी घरोघरी सांगणे, भांडी आधीच भरावी, चावीजवळ कोणी भांडं आणू नये. शेवटी, चावी बंद करणार: प्रेमलाल.

"मी का नाही?"

दुलीचंद विडी शोधत म्हणाला, "तुमाले पानी फेकवत नाही, मास्तर. आमी पाह्यलं हाय."

त्या दिवशीच्या धुलाईबद्दल म्हणत असावा. मी एक गलती काढली. घरोघरी कोण सांगणार ते लिहिलं नव्हतं. तिथे माझं नाव लिहिलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सव्वीस घरं. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं की मागच्या वेळी माझी चूक झाली, चावी अर्धी केली होती. जयभीम घालून उभा राहिलो की पहिल्या तीन-चार घरी वाक्य दोन-दोनदा सुरू करावं लागे. पुढे सोपं गेलं. एका घरी चहा दिला. तो झिरीच्या पाण्याचा होता हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. प्यायलो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दुपारी दोनला सुरू. तुळसाबाई काठी घेऊन चावीपाशी उभी. "जो गुंड आनन त्याचा गुंड चेपवीन!" कोणी आणला नाही. सगळे दारांतून बघत होते.

चावी पूर्ण उघडली. जमीन हादरल्यासारखी वाटली. पहिली दोन मिनिटं काळं, नवव्या मिनिटापर्यंत लाल, सोळाव्याला चहा. एकविसाव्या मिनिटाला पाणी स्वच्छ झालं. मी हात वर केला.

"अभी नहीं, मास्तरजी." प्रेमलालने चावी सोडली नाही.

तेविसाव्या मिनिटाला आणखी एक काळा लोट आला. कुठेतरी कोपऱ्यात बसलेला असेल. तीन वर्षांचा. मी तो पूर्ण जाईपर्यंत बघितला. चौतिसाव्या मिनिटाला तीन बाटल्या भरल्या, प्रेमलालने पांढऱ्या कागदासमोर धरल्या. तिन्हीतून कागदाच्या रेघा दिसत होत्या. मग एकेक फेरा मोजत त्याने चावी हळूहळू बंद केली, कारण झटक्याने बंद केली तर पाईप फुटतो. हे मी फक्त एकदाच सांगितलं होतं.

एक बाटली बसने बालाघाटला तपासायला पाठवली. उत्तर येईपर्यंत उकळूनच प्या असं सांगितलं.

तुळसाबाई बाटली उन्हात फिरवत होती. "दिसते त साफ."

"उत्तर आलं की मी तुमच्या समोर पिऊन दाखवतो."

"तुमी त लाल बी पेत होते. तुमचं काय धरता!" सगळ्या बाया हसल्या. मलाही हसू आलं. मग ती जवळ आली आणि आवाज खाली केला. "अंजनाच्या गुंडात भरून आना, भाऊ. त्यातलं मी पेईन. मी पेली त सारा टोला पेईन. तो गुंड आखरीचा माह्यासंगच भरला हाय तिनं, झिरीवर. तो अजून तसाच हाय, मले माहीत हाय."

मी हो म्हणालो नाही. घरी आलो.

मंगळवार, ४ मार्च

बालाघाटचा कागद आला. पाणी पिण्यास योग्य.

पंप बंद करून अकराला घरी आलो. दुलीचंद आणि प्रेमलाल दोघांनाही बाजारात कामं निघाली. दोघांनाही एकाच वेळी.

वरवंटा काढला, ताट काढलं. पाणी चार बोटं उतरलं होतं. स्वच्छ दिसत होतं, थोडा पितळेचा वास होता. परसात तिने लावलेल्या मिरच्या वाळल्या आहेत, कढीपत्ता तेवढा उभा आहे. त्याच्या मुळाशी ओतलं. एका झटक्यात फेकायला हवं होतं. मला जमलं नाही, हळूच ओतलं. बराच वेळ लागला.

हळू ओतल्यामुळे तळाशी बारीक वाळू राहिली. पंपाच्या विहिरीला गाळणी आहे, नळातून वाळू येत नाही. ती बोटावर घेऊन पाहिली. दोन साल रोज सकाळी ती एवढं खाली उतरून चढून येत होती, आणि मी आल्यावर विचारत होती, किती घंटे चालला.

मग थोडं पाणी घेऊन जोरात खळखळलं आणि फेकलं. वाळू गेली. चुलीतली राख घेतली. चिंच तिच्याच डब्यात होती. आतून घासताना माझा हात गुंडाच्या तोंडात अडकत होता, तिचा सहज जायचा. तीन वेळा धुतला.

टोल्याच्या शेवटच्या नळाला भरला. बाया जमल्या होत्या. तुळसाबाईने गडूभर घेतलं, तोंडात फिरवलं, गिळलं.

"फिकं हाय," ती म्हणाली. "झिरीच्या पान्याले गोडी राह्यते."

बाया तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मीही.

तिने गडू पुन्हा पुढे केला. "भरा. कमलाले देतो." सुनेचा ताप उतरला आहे. मी भरून दिला. मग मागून एकीने आपला गुंड नळाखाली लावला.

शनिवार, ८ मार्च

दोघे गेले. प्रेमलालने नकाशाची नक्कल करून घेतली. दुलीचंदने पीठ कसं भिजवायचं ते दाखवलं आणि म्हणाला, "आता वॉशर पंपालेच लावजा, मास्तर." बस सुटल्यावर खिडकीतून हात हलवत राहिला.

संध्याकाळी पुष्पलताला पत्र टाकलं. गुंड घासला, एवढंच लिहिलं.

पंप चार तास पस्तीस मिनिटं.

टोल्याची लाइन: पुढची धुलाई जूनच्या पहिल्या आठवड्यात, नंतर दर तीन महिन्यांनी.

गुंड: रोज सकाळी.